अमिगाच्या अ‍ॅक्सिलरेटर बोर्डाचा क्लॉक स्थिर राहत नसेल तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं कमोडोरच्या जुन्या अमिगा ५००, २००० आणि १२०० या संगणकांमध्ये बसणाऱ्या ६८०००, ६८०२०, ६८०३० आणि ६८०६० बोर्डांसाठी, म्हणजे मशीनला जास्त वेगवान प्रोसेसर देणाऱ्या जोडबोर्डांसाठी आहेत. क्लॉक म्हणजे प्रोसेसरला ताल देणारा सिग्नल, तो ऑसिलेटर बनवतो. विजेचा, ऑसिलेटरचा आणि स्कोपचा (ऑसिलोस्कोपचा) भाग त्या काळातल्या इतर मशीनच्या बोर्डांनाही लागू पडतो. स्कोप हाताशी असेल तर उत्तम, पण नुसता मल्टिमीटर, भिंग आणि दोन-तीन जादा ऑसिलेटर असले तरी निम्म्याहून जास्त तपासणी होते.

"क्लॉक अस्थिर आहे" म्हणजे नेमकं काय बिघडलेलं असतं?

बहुतेक वेळा फ्रिक्वेन्सी तरी नाही. पत्र्याच्या डबीतला साधा ऑसिलेटर ±१०० पीपीएम (दहा लाखांत शंभर) अचूकतेचा असतो. ५० मेगाहर्ट्‌झवर ही चूक फार तर ५ किलोहर्ट्‌झ होते आणि ६८०३० ला तिचं काहीही वाटत नाही. मशीन गोठतं ते दोन कारणांनी. एक तर क्लॉकच्या कडा (सिग्नल वर-खाली बदलण्याचे क्षण) प्रोसेसरपर्यंत स्वच्छ पोचत नाहीत. किंवा कडा ठीक असतात, पण दोन कडांमधल्या २० नॅनोसेकंदांत मेमरीला, सीपीएलडीला (बोर्डाचं लॉजिक सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमेबल चिपला) किंवा खुद्द प्रोसेसरला आपलं काम आटोपता येत नाही. व्होल्टेज उतरलं की चिप मंदावते, तापली की आणखी मंदावते आणि शिल्लक असलेले दोन-तीन नॅनोसेकंद संपतात. बाहेरून दिसणारं लक्षण तेच: स्क्रीन थिजते. म्हणून पहिल्याच दिवशी नवा ऑसिलेटर मागवू नका. तो क्वचितच दोषी निघतो.

दोष हार्डवेअरचा की सॉफ्टवेअरचा, हे चटकन कसं ओळखायचं?

गुरू मेडिटेशनचे (अमिगा कोसळल्यावर पडद्यावर येणाऱ्या संदेशाचे) आकडे लिहून ठेवा. एकच प्रोग्रॅम, एकच जागा, एकच आकडा असेल तर आधी सॉफ्टवेअरकडे बघा. ८०००००० नंतर बी आला तर तो प्रोग्रॅम बहुधा नसलेला एफपीयू (दशांश गणिताची जोडचिप) शोधतो आहे, क्लॉकचा तिथे काही संबंध नाही. पण आकडा दर वेळी बदलत असेल, आत्ता ३ (अ‍ॅड्रेस एरर), मग ४ (अवैध सूचना), मग काहीच न दाखवता थिजणं, तर डेटा वाटेत खराब होतो आहे.

गोठल्यावर माऊस हलवा. पॉइंटर हलत असेल तर प्रोसेसर जिवंत आहे, इंटरप्ट चालू आहेत. पॉइंटर थांबला पण आवाजाचा एकच तुकडा फिरून फिरून वाजतो आहे, तर चिपसेट (चित्र आणि आवाज सांभाळणाऱ्या चिपा) आणि त्याचा क्लॉक शाबूत आहेत, थांबला आहे तो प्रोसेसर किंवा त्याची बस. अशा वेळी मदरबोर्डाच्या क्रिस्टलमागे वेळ घालवू नका.

सिसइन्फोसारखा प्रोग्रॅम दर वेळी वेगळे मेगाहर्ट्‌झ दाखवतो. क्लॉक हलतो आहे का?

नाही. असे प्रोग्रॅम ऑसिलेटर मोजत नाहीत. ठरावीक वेळात सूचनांच्या किती फेऱ्या झाल्या हे मोजून त्यावरून अंदाज बांधतात. कॅश बंद असेल, प्रोग्रॅम फास्ट रॅमऐवजी (फक्त प्रोसेसरच्या मेमरीऐवजी) चिप रॅममध्ये (चिपसेटसोबत वाटून घेतलेल्या मेमरीत) लोड झाला असेल किंवा पडदा १६ रंगांच्या हाय-रेझमध्ये असेल तर आकडा घसरतो. जुन्या चिपसेटवर चार बिटप्लेनचा हाय-रेझ पडदा रेखाटताना चिप रॅमच्या सगळ्या फेऱ्या डिस्प्लेच खातो. प्रोसेसर ताटकळतो, क्लॉक तोच राहतो.

तुलना करायचीच असेल तर दोन रंगांचा पडदा, कॅश चालू, मागे दुसरं काही नाही, अशा एकाच अवस्थेत करा. तरीही आकडा सरळ दुप्पट किंवा निम्मा येत असेल तर खालचा फ्लॉपी-कीबोर्डबद्दलचा ई क्लॉकचा प्रश्न वाचा, कारण मग घड्याळच चुकलेलं असू शकतं.

मूळ मशीनचे क्लॉक किती असायला हवेत?

पाल आणि एनटीएससी ही टीव्हीची दोन मानकं. पाल मशीनमध्ये मुख्य क्रिस्टल २८.३७५१६ मेगाहर्ट्‌झ, एनटीएससीमध्ये २८.६३६३६. त्याचा चौथा भाग म्हणजे अमिगा ५०० च्या ६८००० चा क्लॉक: ७.०९३७९ किंवा ७.१५९०९. अमिगा १२०० चा ६८ईसी०२० याच्या दुप्पट, १४.१८७५८ किंवा १४.३१८१८ वर चालतो. ई क्लॉक (कीबोर्ड, फ्लॉपी, टायमर सांभाळणाऱ्या चिपांचा क्लॉक) ७ मेगाहर्ट्‌झचा दहावा भाग: पालमध्ये ७०९.३७९ किलोहर्ट्‌झ, एनटीएससीमध्ये ७१५.९०९.

साधे मल्टिमीटर काही मेगाहर्ट्‌झच्या पुढे वारंवारता दाखवत नाहीत, पण ई क्लॉक बऱ्याच मीटरांच्या आवाक्यात येतो. तो बरोबर आला म्हणजे त्याच्यामागचा सगळा भागाकार बरोबर आहे.

तपासणीची सुरुवात कुठून करायची?

पाच व्होल्टपासून. कंटाळवाणं उत्तर आहे, पण सर्वाधिक बोर्ड याच पायरीवर सुधारतात.

मीटरचा काळा टोक अ‍ॅक्सिलरेटरच्याच ग्राउंडवर आणि लाल टोक प्रोसेसरजवळच्या डीकपलिंग (चिपशेजारी वीज स्थिर ठेवणाऱ्या) कपॅसिटरच्या पाच व्होल्टच्या बाजूला लावा. पॉवर सप्लायच्या प्लगवर मोजलेला आकडा इथे निरुपयोगी. मशीन चालू, हार्ड डिस्क किंवा कार्ड जोडलेलं, मेमरी टेस्ट फिरते आहे, अशा ओझ्याखाली मोजा. नियमाने ४.७५ ते ५.२५ चालतं. प्रत्यक्षात ४.९० च्या खाली आलेला ५० मेगाहर्ट्‌झचा बोर्ड भरवशाचा राहत नाही, ४.९५ ते ५.१० चं लक्ष्य ठेवा.

मग तेच मोजमाप पॉवर प्लगच्या मागे, मदरबोर्डावर घ्या. दोन आकड्यांत ०.१५ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर मधला कनेक्टर, सॉकेट किंवा सोल्डरचा सांधा वीज खातो आहे. ग्राउंडच्या बाजूलाही असाच फरक पडतो आणि तो हमखास विसरला जातो. त्यासाठी मीटरचं एक टोक मदरबोर्डाच्या ग्राउंडवर, दुसरं अ‍ॅक्सिलरेटरच्या ग्राउंडवर ठेवा. तिथे ३०–४० मिलिव्होल्टहून जास्त दिसू नये.

अमिगा ५०० चा जुना जड सप्लाय ५ व्होल्टवर ४.५ अँपिअर देतो. अमिगा १२०० सोबत बऱ्याचदा ३ अँपिअरचा हलका सप्लाय येत असे. मूळ मशीनला तो पुरतो. ६८०३०, एफपीयू, सिम (मेमरीची पट्टी) आणि डिस्क एकदम आल्या की धापा टाकतो. दोन्हींचं वय आता तीस वर्षांच्या पुढे आहे, आतले कपॅसिटर सुकलेले असतात. स्कोप असेल तर २० मेगाहर्ट्‌झची मर्यादा लावून रिपल (व्होल्टेजची बारीक चढउतार) बघा, शिखर ते शिखर ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. मीटर ५.०२ दाखवतो आहे आणि रिपल २०० मिलिव्होल्ट आहे, असं सर्रास घडतं. मीटर सरासरी दाखवतो, चिपला मात्र प्रत्येक खड्डा जाणवतो.

अमिगा ६००, १२०० आणि ४००० च्या मदरबोर्डांवरचे एसएमडी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळतात. ते अजून मूळचेच असतील तर आधी ते बदला, मग अ‍ॅक्सिलरेटरवर संशय घ्या.

थंड असताना चालतो, पंधरा-वीस मिनिटांनी गोठतो. उलटही होतं. फरक काय?

तापल्यावर बिघडणं म्हणजे वेळेची शिल्लक संपणं. थंड असताना न उठणं, पण दोन-तीनदा चालू-बंद केल्यावर चालणं, याची कारणं वेगळी असतात: सुकलेला कपॅसिटर, तडकलेला सोल्डर, कमी काळ टिकणारा रिसेट. ६८००० ला वीज आल्यावर रिसेट आणि हॉल्ट दोन्ही किमान १०० मिलिसेकंद खाली धरलेले लागतात. ऑसिलेटरला स्थिर व्हायलाही काही मिलिसेकंद लागतात. रिसेटचा कपॅसिटर सुकला की हा काळ आखडतो आणि प्रोसेसर अर्धवट क्लॉकवर उठतो.

तापणाऱ्या दोषासाठी फ्रीझ स्प्रे वापरा. मशीन गोठण्याच्या बेतात आलं की एका वेळी एकाच चिपवर एक सेकंद फवारा मारा: आधी सीपीएलडी, मग मेमरी, मग प्रोसेसर, शेवटी ऑसिलेटर. प्रत्येकानंतर पाच मिनिटं थांबा. घाईत सगळ्यांवर मारलं तर मशीन सुधारतं आणि कशामुळे सुधारलं ते कळत नाही. फवाऱ्यानंतर बोर्डावर दव जमतं, ते पूर्ण उडेपर्यंत पुढची चाचणी करू नका.

स्कोपवर क्लॉक कसा बघायचा? माझ्या स्कोपवर तो फारच वाईट दिसतो.

आधी प्रोब तपासा. १एक्सवर ठेवलेला प्रोब सुमारे १०० पिकोफॅरडचं ओझं टाकतो आणि ५० मेगाहर्ट्‌झचा क्लॉक तेवढ्यानेच कोलमडतो. १०एक्स लावा, तिथे ओझं १०–१५ पिकोफॅरड असतं. मगरीच्या चिमट्याची लांब ग्राउंड वायर काढून टाका आणि प्रोबच्या टोकाला बसणारी स्प्रिंग वापरा. लांब वायरमुळे पडद्यावर जे भलंमोठं थरथरणं दिसतं ते बोर्डावर नसतंच. या एका गोष्टीमुळे कित्येक निर्दोष बोर्डांवर विनाकारण रेझिस्टर चढतात.

५० मेगाहर्ट्‌झसाठी १०० मेगाहर्ट्‌झ बँडविड्थ ही अगदी किमान. तेवढ्यावर चौकोनी क्लॉक गोलसर दिसणारच, त्याने घाबरू नका. कडांचा खरा आकार बघायला २०० किंवा त्यापेक्षा जास्त लागते.

प्रोब प्रोसेसरच्या क्लॉक पिनवर ठेवा, ऑसिलेटरच्या पायावर नव्हे. अमिगा ५०० मधल्या ६४ पायांच्या ६८००० वर क्लॉक पिन १५ आहे आणि ग्राउंड अगदी शेजारी, पिन १६. पुढच्या गोष्टी बघा.

खालची पातळी ०.८ व्होल्टच्या खाली आणि वरची २.० च्या पुष्कळ वर गेली पाहिजे. चढताना किंवा उतरताना ०.८ ते २.० च्या पट्ट्यात पायरी किंवा खाच असेल तर तोच दोष समजा, कारण प्रोसेसर एका कडेच्या दोन कडा मोजतो.

१.५ व्होल्टवर वरचा आणि खालचा काळ मोजा. ५० मेगाहर्ट्‌झला प्रत्येकी १० नॅनोसेकंद यायला हवेत. ४०/६० दर्जाच्या स्वस्त ऑसिलेटरमध्ये एक बाजू ८ वर येऊ शकते. ६८०३० साठी ४५/५५ दर्जाचाच घ्या.

ग्राउंडच्या खाली जाणारी उडी ०.५ व्होल्टच्या आत हवी.

शेवटी ट्रिगर एका कडेवर ठेवून पडदा काही सेकंद साचू द्या. पुढची कड जाड पट्ट्यासारखी पसरत असेल तर जिटर आहे. तो बहुधा विजेतून येतो: ऑसिलेटरच्या व्हीसीसी (वीजपुरवठ्याच्या) पिनवर १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आहे का, त्याच्या पायांची लांबी किती, हे बघा.

थरथर खरीच आहे. रेझिस्टर कुठे आणि किती ओहमचा?

ऑसिलेटर किंवा बफरच्या आउटपुटला लागून, सिरीजमध्ये. २२ ओहमपासून सुरू करा, मग ३३. ४७ च्या वर गेलात आणि क्लॉक दोन-तीन चिपांना जात असेल तर कडा मंदावतात. रेझिस्टर प्रोसेसरच्या टोकाला बसवून उपयोग नाही, त्याचं काम उगमापाशीच असतं.

एकच क्लॉक लांब वायरने प्रोसेसरला, तिथून एफपीयूला, तिथून सीपीएलडीला नेलेला असेल तर मधल्या चिपला पायरी दिसणारच. तिथे बफरच्या वेगवेगळ्या आउटपुटमधून प्रत्येकाला स्वतंत्र रेझिस्टर द्यावा लागतो.

ऑसिलेटर बदलताना काय चुकतं?

दिशा. डबीचा टोकदार कोपरा म्हणजे पिन १, बाकीचे तीन गोल. पूर्ण आकाराच्या डबीत पिन ७ ग्राउंड, ८ आउटपुट, १४ व्हीसीसी. अर्ध्या आकारात ४ ग्राउंड, ५ आउटपुट, ८ व्हीसीसी. उलटा बसवला तर काही सेकंदांत बोट भाजेल इतका तापतो आणि बहुधा पुन्हा चालत नाही.

दुसरी फसगत पिन १ ची. काही ऑसिलेटरमध्ये तो कुठेच जोडलेला नसतो, काहींत तो आउटपुट चालू-बंद करतो. बोर्डावर पिन १ ग्राउंडला गेलेला असेल तर जुना कॅन (डबीतला ऑसिलेटर) चालतो आणि नवा मुका राहतो. तो पाय मोकळा ठेवला की बहुतेक नवे कॅन चालू होतात.

आणि सॉकेट लावा. थेट सोल्डर केलेला कॅन चार वेळा काढून-घालून बोर्डाचे पॅड उखडले की मूळ दोष बाजूला राहतो.

५० मेगाहर्ट्‌झला गोठतो, ४० टाकला की तासन्‌तास चालतो. मग क्लॉकच दोषी ना?

याचा अर्थ एवढाच की कुठेतरी वेळ अपुरी पडते आहे. ५० ला एक फेरी २० नॅनोसेकंदांची, ४० ला २५, ३३.३३३ ला ३०. पाच नॅनोसेकंद मिळाल्यावर कोण सुटकेचा श्वास सोडतो ते शोधायचं. ४० आणि ३३ लाही तितकंच गोठत असेल, तर वेळेचा प्रश्न नाही. वीज, कनेक्टर किंवा रिसेटकडे वळा.

५० चा कॅन परत बसवा आणि एकेक गोष्ट बंद करत जा. अमिगाडॉसची सीपीयू ही आज्ञा यासाठी फार कामाची आहे. आधी "नोबर्स्ट" द्या. बर्स्टमध्ये ६८०३० एका दमात चार लाँगवर्ड उचलतो आणि मेमरीला सर्वात कमी उसंत मिळते. नोबर्स्टने दोष गेला तर मेमरीवर लक्ष द्या: ७० नॅनोसेकंदांचा सिम काढून ६० चा लावा, बोर्डावर ६०/७० चा जंपर असेल तर तो प्रत्यक्ष सिमशी जुळतो का बघा, सिमचे संपर्क पुसा. काही सिमवर ६० छापलेलं असतं, पण चिपांवरचा शेवटचा आकडा ७ किंवा ७० असतो. चिप काय म्हणते ते खरं.

नोबर्स्टने फरक पडला नाही तर "नोकॅश" द्या. मशीन रडत-खडत चालेल. कॅश बंद असताना तासभर टिकलं आणि चालू केल्यावर पाच मिनिटांत गेलं, तर प्रोसेसरच त्या वेगाला पुरत नसण्याची शक्यता वाढते, कारण कॅश चालू असताना तो विनाथांबा धावतो आणि जास्त तापतो. हीटसिंक आणि पंखा लावून पुन्हा बघा.

एफपीयू सॉकेटमध्ये असेल तर काढून चाचणी घ्या. ६८८८२ चा, म्हणजे या एफपीयूचा, क्लॉक प्रोसेसरपेक्षा वेगळा असू शकतो आणि पुष्कळ बोर्डांवर त्याचा स्वतंत्र कॅन असतो. ४० मेगाहर्ट्‌झची पीएलसीसी चिप ५० वर चालवलेली सापडणं नेहमीचं आहे.

इतकं करूनही प्रश्न तसाच असेल तर उरतो सीपीएलडी.

सीपीएलडी जास्त वेगवान बसवला तर?

एक्ससी९५१४४एक्सएल या सीपीएलडीच्या नावामागचा १० म्हणजे एका पायातून दुसऱ्या पायापर्यंत १० नॅनोसेकंद. ५० मेगाहर्ट्‌झची अर्धी फेरी तिथेच गेली. त्यामुळे बोर्डाच्या रचनेत ७ किंवा ५ ची चिप सांगितली असताना १० ची बसलेली असेल तर ती बदलाच.

उलट दिशेने मात्र जपून. १० साठी लिहिलेल्या लॉजिकवर ५ ची चिप बसवली की कडा तीव्र होतात, एकदम बत्तीस रेषा उलटताना ग्राउंड उसळतो आणि आधी नसलेला दोष उभा राहतो. अशा वेळी सोर्स उपलब्ध असेल तर अ‍ॅड्रेस आणि डेटाचे पाय "स्लो" स्लूवर (कड चढण्याच्या मंद वेगावर) ठेवून पुन्हा फिट करा. क्लॉक आणि हँडशेकचे पाय "फास्ट" राहू द्या. या कुटुंबासाठी झायलिंक्सचं आयएसई १४.७ लागतं, त्यांच्याच नव्या व्हिव्हाडोमध्ये ही चिप नाही. जेटॅगने (प्रोग्रॅमिंगच्या जोडणीतून) लिहिल्यावर व्हेरिफाय न चुकता करा. आणि लक्षात ठेवा, एक्सएल मालिका ३.३ व्होल्टवर चालते. तिचे इनपुट ५ व्होल्ट सोसतात, व्हीसीसी सोसत नाही.

अमिगा १२०० मध्ये कॅपॅसिटर काढायचा "टायमिंग फिक्स" म्हणतात तो करावा का?

लगेच नाही. आधी ट्रॅपडोरचा (तळाच्या झाकणामागचा) १५० संपर्कांचा कडेचा कनेक्टर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजूंनी पुसा, वाळू द्या, बोर्ड सरळ आत जातो का बघा. केसमध्ये तिरका बसलेला बोर्ड आणि चुकलेला टायमिंग यांची लक्षणं हुबेहूब सारखी असतात. मदरबोर्ड केसबाहेर काढून, बोर्ड आडवा टेकवून चालवला आणि दोष गेला, तर टायमिंगचा विषय तिथेच मिटला.

तरीही बूट होताना अडकणं, मेमरी कधी दिसणं कधी न दिसणं चालू असेल, तर काही मदरबोर्डांवर, विशेषतः १डी.४ रिव्हिजनवर, ई१२३सी आणि ई१२५सी हे दोन छोटे सिरॅमिक कपॅसिटर काढतात. ते क्लॉकच्या वाटेवर बसवलेले असतात आणि कडा मागे सरकवतात. अ‍ॅक्सिलरेटर त्या कडांवर आपली बस जुळवतो, म्हणून काही नॅनोसेकंदांनी गणित फिसकटतं. आधी रिव्हिजन वाचा, काही बोर्डांवर हे कपॅसिटर मुळातच नसतात. काढताना दोन सोल्डरिंग आयर्ननी दोन्ही टोकं एकदम गरम करा, उचकटू नका. काढलेले भाग जपून ठेवा: एखाद्या अ‍ॅक्सिलरेटरला मूळ मांडणीच मानवते.

अमिगा ५०० मधल्या १४ मेगाहर्ट्‌झच्या साध्या ६८००० बोर्डाचा क्लॉक वाकडा दिसतो.

हा क्लॉक बहुधा ७ मेगाहर्ट्‌झ आणि त्यापासून ९० अंश मागे असलेला मदरबोर्डाचा सीडीएसी हा दुसरा क्लॉक यांच्या एक्सऑरमधून (दोन इनपुट वेगळे असतील तेव्हाच वर जाणाऱ्या गेटमधून) बनवलेला असतो. ९० अंश म्हणजे ३५.२ नॅनोसेकंद, आणि १४.१९ मेगाहर्ट्‌झची अर्धी फेरीही तेवढीच, म्हणून हिशेब जुळतो. सीडीएसी लांब वायरने ५ नॅनोसेकंद उशिरा आला की दोन अर्ध्या फेऱ्या ४० आणि ३० च्या होतात. वायर आखूड करा, जोडीने ग्राउंडची वायर पिळून न्या, एक्सऑरसाठी ७४एलएसऐवजी ७४एफ किंवा ७४एएचसीटी वापरा.

प्रोसेसरच्या सॉकेटवर सीडीएसी येत नाही, तो मदरबोर्डावरून वेगळा उचलावा लागतो. अमिगा २००० च्या सीपीयू स्लॉटमध्ये मात्र तो मिळतो.

आणि चिप बघा. मूळची ८ मेगाहर्ट्‌झची ६८००० चौदावर कधी कधी उठते, तापेपर्यंत चालतेही. तिथे १६ मेगाहर्ट्‌झची ६८एचसी००० बसवा.

फ्लॉपी वाचत नाही, कीबोर्ड अक्षरं खातो, पण बाकी सगळं वेगवान चालतं.

ई क्लॉक. ६८००० हा क्लॉक स्वतः बनवतो: सात मेगाहर्ट्‌झच्या दहा फेऱ्या, त्यातल्या सहा खाली, चार वर. दोन्ही ८५२० सीआयए (इनपुट-आउटपुटच्या चिपा) त्यावर जगतात आणि कीबोर्ड, फ्लॉपीची मोटर, टायमर त्यांच्याकडे आहेत. ६८०२० आणि ६८०३० मध्ये ई पिनच नाही, म्हणून ५०० च्या सॉकेटमधल्या बोर्डाला तो सीपीएलडीत बनवावा लागतो. १४ मेगाहर्ट्‌झच्या ६८००० ने तो सरळ बनवला तर १.४२ मेगाहर्ट्‌झ होतो आणि सीआयएचे टायमर दुप्पट धावतात. मग त्या टायमरवर वेळ मोजणारा वेगमापक प्रोग्रॅमही चुकीचा आकडा देतो.

पिन २० वर मोजा. ७०९ किलोहर्ट्‌झच्या आसपास नसेल तर बोर्डाचं फर्मवेअर किंवा भागाकाराचं सर्किट बघा. अमिगा १२०० मध्ये ई मदरबोर्ड बनवतो, तिथे ही भानगड नाही.

स्वतंत्र ऑसिलेटर असलेला बोर्ड दोन-तीन तासांतून एकदाच गोठतो. असा दोष पकडायचा कसा?

इथे दोन क्लॉक आहेत, प्रोसेसरचा ५० आणि मदरबोर्डाचा ७.०९, आणि ते एकमेकांना ओळखत नाहीत. एका बाजूचा सिग्नल दुसऱ्या बाजूला नेताना तो नेमका कडेवर बदलला तर फ्लिपफ्लॉप (एक बिट धरून ठेवणारं सर्किट) क्षणभर अधांतरी राहतो. म्हणून मध्ये दोन फ्लिपफ्लॉप एकामागे एक लावतात. लॉजिकमध्ये एकच असेल तर दोष कधीतरीच येतो आणि कशानेही पुन्हा घडवता येत नाही.

स्कोपचे दोन चॅनेल ६८००० सॉकेटच्या पिन ६ (एएस, फेरी सुरू झाल्याची खूण) आणि पिन १० (डीटॅक, मदरबोर्डाचं उत्तर) वर लावा. ट्रिगर पल्सच्या रुंदीवर ठेवा: एएस ५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ खाली. साधी फेरी ५६४ नॅनोसेकंदांत संपते, पण ब्लिटर (चिपसेटमधला चित्रं हलवणारा भाग) प्रोसेसरला बराच वेळ रोखून धरू शकतो, म्हणून मर्यादा सैल हवी. गोठल्यावर एएस खाली आणि डीटॅक वर अडकलेला दिसला तर मदरबोर्डाला फेरी सुरू झाल्याचं कळलेलंच नाही. डीटॅक खाली येऊन गेला आणि एएस अजून खाली आहे, तर अ‍ॅक्सिलरेटरने उत्तर ऐकलं नाही. दुसऱ्या प्रकारात नवं फर्मवेअर बहुधा उपयोगी पडतं.

मदरबोर्डाच्या क्लॉकशी जुळलेल्या रचनेत "जवळपास" फ्रिक्वेन्सीचा कॅन घालू नका. २८.३७५१६ च्या जागी व्हीजीए कार्डावरचा २८.३२२ बसवला तर दोघांत ५३ किलोहर्ट्‌झचा फरक पडतो. दर १९ मायक्रोसेकंदांनी कडा एकमेकींवरून सरकतात आणि मशीन वर्कबेंचपर्यंतही (अमिगाच्या डेस्कटॉपपर्यंतही) पोचत नाही.

३.३ व्होल्टचा ऑसिलेटर किंवा प्रोग्रॅमेबल क्लॉक मॉड्यूल चालेल का?

६८००० कुटुंबाच्या टीटीएल पातळीच्या इनपुटला चालतो, २.० व्होल्ट पुरतात. मध्ये ७४एचसी असेल तर नाही; त्याला ५ व्होल्टवर ३.५ लागतात, तिथे ७४एचसीटी किंवा ७४एएचसीटी घाला. मॉड्यूलमध्ये स्प्रेड स्पेक्ट्रम (फ्रिक्वेन्सी मुद्दाम किंचित हलवणारी सोय) असेल तर बंद करा. आणि ३.३ च्या कॅनला ५ व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट बसवू नका.

६८०६० किती वर नेता येतो?

मास्कवर (चिपच्या निर्मिती-आवृत्तीवर) अवलंबून आहे. ७१ई४१जे मास्कची, म्हणजे सहाव्या रिव्हिजनची चिप ८० ते १०० मेगाहर्ट्‌झ घेते, जुन्या रिव्हिजन ६६ च्या आसपास थकतात. छपाईवर विसंबू नका, पुन्हा छापलेल्या चिपा भरपूर फिरतात. पीसीआर हे चिपची ओळख सांगणारं रजिस्टर वाचणारा प्रोग्रॅम चालवा: वरचा शब्द ०४३० असेल तर पूर्ण ६८०६०, ०४३१ असेल तर कमी सुविधांची एलसी किंवा ईसी. त्याखालची बाइट रिव्हिजन सांगते, आणि ती शाईने बदलता येत नाही.

प्रोसेसर टिकला तरी मेमरी आणि सीपीएलडी टिकतीलच असं नाही. पाच-सात मेगाहर्ट्‌झच्या पायऱ्यांनी चढा. चिपचा ३.३ व्होल्टचा पुरवठा ओझ्याखाली ३.१४ ते ३.४६ च्या आत राहतो का, हे प्रत्येक पायरीवर मोजा.

सॉकेटमध्ये बसणारा बोर्ड जरा दाबला की चालतो.

सॉकेटचे पत्रे ढिले झाले आहेत. जाड चौकोनी पिना एकदा घातल्या की पत्रे फाकतात आणि मूळ ६८००० परत बसवला तरी तो सैल बसतो. अल्कोहोलने तात्पुरतं भागतं. कायमचा उपाय म्हणजे सॉकेट बदलणं आणि बोर्डाला गोल, बारीक पिना लावणं. पिन १४ आणि ४९ वर पाच व्होल्ट, १६ आणि ५३ वर ग्राउंड येतो. या चारपैकी एक जरी सैल असेल तरी दोष क्लॉकचाच वाटतो.

दुरुस्त झालं असं कधी मानायचं?

डायगरॉममधून (अमिगाच्या तपासणीसाठीच्या रॉममधून) किंवा तत्सम साधनातून फास्ट रॅमची चाचणी रात्रभर, किमान आठ तास. डायगरॉम सिरीयल पोर्टवर ९६०० च्या वेगाने अहवाल देतो, तो दुसऱ्या संगणकावर साठवून ठेवा, नाहीतर पहाटे आलेली एकच चूक पडद्यावरून सरकून जाते. मेमरी निर्दोष निघाली की वर्कबेंचवर मोठी फाइल आर्काइव्हमधून पुन्हा पुन्हा उलगडून चेकसम ताडत राहा. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क तिन्ही एकदम राबतात. हे सगळं केस बंद करून करा, उघड्या केसमध्ये बोर्ड थंड राहतो आणि निकाल फसवा येतो. शेवटी मशीन पूर्ण गार होऊ देऊन दहा वेळा थंड बूट करा. त्यातला एक जरी बूट चुकला तर रिसेट आणि पाच व्होल्टच्या चढणीकडे परत जा.